गाडी कशी आहे ते नको, उभी का आहे ते विचारा

मुळशी, वेल्हे किंवा मावळात जमीन घेतलेल्या पुणेकराच्या डोक्यात दुसऱ्या पावसाळ्याच्या सुमाराला एटीव्ही शिरते. कार फाटकापाशी रुतते, मोटरसायकल उतारावर घसरते आणि मग नागाव-काशिदच्या किनाऱ्यावर भाड्याने फिरवलेली ती जाड टायरांची चारचाकी आठवते. किनाऱ्यावरची एटीव्ही हा खेळ असतो. मी लिहितोय ते कामाच्या एटीव्हीबद्दल: पुढेमागे सामानाचे रॅक, फोर व्हील ड्राइव्ह, लो गिअर, विंच. कोळवण खोऱ्यातल्या आमच्या जमिनीवर अशी एक गाडी काही वर्षं राबते आहे. तिच्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिच्या खोडी या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत सापडतात. वेल्ह्यातले एक आंबाबागायतदार आणि मावळात पॉलिहाऊसमध्ये गुलाब घेणारे एक गृहस्थ यांच्याकडेही अशा गाड्या आहेत. आमचं बोलणं सुरू झालं की घरची माणसं उठून जातात.

कौतुकावर आमचं एकमत आहे. जमिनीपासून वीत-सव्वावीत उंच असलेली, चारही चाकं वेगवेगळी वरखाली होणारी ही गाडी भातखाचराच्या बांधावरून, ओढ्यातल्या गोट्यांवरून जाते तेव्हा माणूस थक्क होतो. टायरात हवा नावापुरतीच, साधारण ५ ते ७ पीएसआय, त्यामुळे ओली जमीन ट्रॅक्टरसारखी चेपली जात नाही. आंब्याच्या दोन ओळींमध्ये फवाऱ्याची टाकी घेऊन ती सहज वळते. वादळात आडवं पडलेलं झाड विंचने बाजूला घेता येतं.

पण हे सगळं पहिल्या महिन्यात कुणीही मालक सांगतो. ज्याच्या गाडीने दोन पावसाळे काढलेत त्याला गाठा आणि ती शेडमध्ये उभी का राहते ते विचारा. विकत घेताना हिशोब चिखलाचा होतो, पुढची सगळी वर्षं उभ्या गाडीशी झगडण्यात जातात.

पहिलं कारण रस्ता. आमची जमीन डांबरी रस्त्याने दोन तुकड्यांत कापली आहे. या तुकड्यातून त्या तुकड्यात जायला काही मीटर सार्वजनिक रस्ता ओलांडावा लागतो, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय कुठलंही वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. नोंदणीसाठी वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची त्या मॉडेलला मान्यता असावी लागते. बहुतेक एटीव्हींना ती नसते. पोलॅरिसने स्पोर्ट्समन ५७० ची ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारी आवृत्ती भारतात आणली ती याच अडचणीवरचा तोडगा म्हणून. तेव्हा विक्रेता ‘पासिंग होतं’ म्हणाला तर त्याच मॉडेलचं आधी विकलेलं एखादं आरसी बुक दाखवायला सांगा आणि त्यावर वाहनाचा वर्ग काय लिहिलाय ते वाचा. नोंदणी नाही म्हणजे थर्ड पार्टी विमाही नाही. रस्ता ओलांडताना एखाद्या दुचाकीवाल्याला धक्का लागला तर सगळी भरपाई तुमच्या खिशातून जाते. आम्ही गाडी ‘छोटा हत्ती’त घालून पलीकडे नेतो. लोक हसतात, हसू देत.

त्याच कारणाने ती पेट्रोल पंपावरही जाऊ शकत नाही, आणि सुटं पेट्रोल द्यायला पंपवाले तयार नसतात. ही अडचण कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

दुसरं कारण बेल्ट. आपल्या स्कूटरसारखीच या गाडीत इंजिनाची ताकद रबरी पट्ट्यावरून चाकांकडे जाते. पावसाळ्यात आमच्याकडे कामावर असलेल्या मुलाने लाकडांनी भरलेली ट्रॉली जोडून गाडी हाय गिअरमध्येच चढावर घातली. जळक्या रबराचा वास घरापर्यंत आला. गाडी हळू न्यायची असेल, ओझं असेल, चढ असेल, तर लो गिअरच टाकायचा, हा नियम त्याला कुणी सांगितलाच नव्हता. तो मराठीत लिहून टाकीवर चिकटवा. ओढ्यातून आल्यावर बेल्टच्या पेटीत पाणी गेलं असेल तर बहुतेक गाड्यांत खाली बूच असतं. ते काढून पाणी सोडायचं, न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं पळवायचं आणि मगच गिअर टाकायचा. ओला बेल्ट घसरतो आणि घसरता घसरता जळतो.

आता नवा बेल्ट. नाना पेठेत दुचाकीचा कुठलाही पार्ट मिळतो असं आपण मानतो. मला हा मिळाला नाही. विक्रेत्याने मागवून दिला, तोवर भातलावणी उरकली होती. लडाखमध्ये लष्कर आणि मुंबईच्या चौपाट्यांवर पोलीस अशा गाड्या वापरतात, ते उदाहरण विक्रेते आवर्जून देतात, पण त्यांच्यामागे कारखाना आणि भांडार असतं. आपण गाडी घेतानाच एक जास्तीचा बेल्ट, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग घेऊन ठेवावा. मिस्त्रीच्या बाबतीत मात्र पुण्याचं नशीब चांगलं आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या एटीव्हींची ‘बाहा एसएईइंडिया’ स्पर्धा २००७ पासून होते आणि पुण्यातल्या महाविद्यालयांचे संघ तीत असतात. त्या मुलांनी असे बेल्ट-क्लच स्वतःच्या हाताने खोलून जोडलेले असतात. माझी गाडी बघणारा त्यांतलाच एक.

किरकोळ तक्रारी पुष्कळ आहेत. गावातला पंक्चरवाला सवयीने टायरात तीस पीएसआय हवा भरतो आणि गाडी टुणटुण उडते. कमी दाब मोजणारा गेज वेगळा घ्यावा लागतो. रेडिएटरच्या जाळीत चिखल वाळला की इंजिन तापतं. तो हलक्या पाण्याने आतून बाहेर धुवायचा, सर्व्हिसिंगवाल्याच्या जोरदार फवाऱ्याने पत्र्या वाकतात. आठवडाभर उभी राहून बॅटरी बसते, उंदीर वायरी खातात.

ओझ्याबद्दल मात्र नीट ऐका. या वर्गात पुढच्या रॅकची क्षमता साधारण ४० ते ४५ किलो आणि मागच्याची ८० ते ८५ किलो असते. युरियाचं पोतं ४५ किलोचं. म्हणजे मागे दोन पोतीसुद्धा नियमात बसत नाहीत, आणि आपल्याकडे दोन पोत्यांवर एक माणूस बसतो.

तिथूनच सगळ्यात वाईट प्रकार सुरू होतो. गुलाबवाल्यांचा भाचा रॅकवर मागे बसून उतरत होता, चालवणाऱ्याने खाचराचा बांध तिरका घेतला आणि गाडी कलंडली. भाच्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, एवढ्यावर निभावलं. गाडी अरुंद, उंच आणि तीन-साडेतीनशे किलोची. उलटली की चालवणाऱ्याच्याच अंगावर येते. तीन चाकांची एटीव्ही विकणं अमेरिकेत १९८८ मध्ये बंद झालं. ऑस्ट्रेलियात शेतावरच्या मृत्यूंत क्वॉड बाईक, म्हणजे हीच एटीव्ही, इतकी पुढे आली की ११ ऑक्टोबर २०२१ पासून नव्या कामाच्या गाडीला मागे संरक्षक कमान सक्तीची केली गेली. होंडा, यामाहा, पोलॅरिस यांनी तिथल्या बाजारातून या गाड्या काढून घेतल्या, कमानीची अट मान्य केली नाही. कमानीने खरंच किती फायदा होतो यावर कंपन्या वाद घालत होत्या. माझं मत ऑस्ट्रेलियन सरकारच्या बाजूने आहे. बांध नेहमी सरळ ओलांडा, उतारावर आडवे जाऊ नका, उतरताना न्यूट्रल कधीच नाही. दोघांची म्हणून बनवलेली नसेल तर गाडीवर दुसरा माणूस नको. सोळा वर्षांखालच्या मुलाला किल्ली देऊ नका, पाहुण्यांचा असला तरी. हेल्मेट स्वतःच्या शेतातही घाला.

आमच्या शेजारच्या तात्यांनी गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा एकच विचारलं, “दादा, हिला नांगर लागतो का?” लागत नाही. ही गाडी वाहते, ओढते, फवारते. नांगरणी-चिखलणी तिचं काम नाही. शेतीवर पोट असणाऱ्याने पॉवर टिलर किंवा पंधरा हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर पाहावा, त्यासाठी महाडीबीटीवर अनुदानाचा अर्जही करता येतो. वीस-तीस गुंठ्यांच्या शनिवार-रविवारच्या मालकाला तर यांतल्या कशाचीच गरज नाही. गमबूट आणि हातगाडी पुरते. चढउताराची काही एकर बाग असेल आणि गाडी रोज चालवणारा एकच जबाबदार माणूस जागेवर असेल, तर एटीव्ही पैसे फेडते.

जुनी बघायला गेलात तर किलोमीटरबरोबर तासांचा मीटरही वाचा. तास भरपूर आणि किलोमीटर थोडे असतील तर ती आयुष्यभर ओझ्याखाली रांगली आहे, बेल्टची पेटी उघडून घ्या. एअर फिल्टरच्या डब्यात वाळलेला गाळ दिसला तर ती बुडालेली आहे. पुढची चाकं हाताने हलवून बघा, अ‍ॅक्सलवरचे रबरी बूट फाटलेत का पाहा. मालक इंजिन आधीच गरम करून वाट पाहत असेल तर बसा, चहा घ्या, ते पूर्ण थंड होऊ द्या आणि मग स्वतः स्टार्टर मारा.