कोल्हापुराहून मुंबईस बिऱ्हाड नेणे

कोल्हापुरास १८९१ साली आगगाडी आली. तरी १९७१ पर्यंत मुंबईस जाणाऱ्यास पुण्यास उतरून सामान दुसऱ्या गाडीत चढवावे लागे, कारण रुळांची रुंदी निराळी होती. आता मालमोटार दारापासून दारापर्यंत जाते, म्हणून सर्वच वस्तू भरण्याचा मोह होतो. परंतु जी वस्तू नेण्यास तिच्या किमतीहून अधिक खर्च पडेल, ती येथेच विकावी.

मग कागदावर पाच रकमा मांडाव्या: गाडीभाडे, हमाली, खोलीची अनामत, पहिले घरभाडे, आणि पहिला पगार हाती येईपर्यंतचा शिधा. शेवटची रक्कम पुष्कळ जण विसरतात. ही बेरीज गाठीस नसेल तर कर्ज काढू नये; कमावत्याने आधी एकटे जावे व कुटुंबाने मागाहून, असे आम्ही सुचवितो. वियोग काही महिन्यांत संपतो. सावकाराचे व्याज तसे संपत नाही.