अंबाडीचा वाख : दोरापासून पिशवीपर्यंत

मराठवाड्यातील शेतकऱ्यास अंबाडीचा परिचय करून द्यावयास नको. ज्वारी, तूर वा कापसाच्या कडेने तिची ओळ पेरण्याची चाल जुनी आहे. पाल्याची कण्या घालून केलेली भाजी घरोघरी आवडीने खाल्ली जाते. परंतु याच झाडाच्या सालीत जो वाख असतो, त्याचा विसर पडत चालला आहे. पूर्वी कासरा, दावे, चऱ्हाट, शिंके ही सर्व वाखाचीच असत. नायलॉनचे स्वस्त दोर आले आणि भाजी खुडून उरलेली अंबाडी चुलीत जाऊ लागली. तिचा वाख काढून त्यापासून लहानसहान उपयुक्त वस्तू कशा कराव्यात, हे या पाठात सांगावयाचे आहे.

चिकलठाण्यासारख्या गावास ही माहिती विशेष उपयोगी आहे. गाव छत्रपती संभाजीनगर शहरास लागून आहे. विमानतळ व औद्योगिक वसाहत येथेच आहे. अजिंठा व वेरूळ ही लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य झाली. ती पाहण्यास येणारे अनेक प्रवासी येथेच उतरतात. ज्यास हाताने केलेली पिशवी वा पट्टा हवा असतो, असे गिऱ्हाईक दूर शोधावे लागत नाही.

कापणी

वाखाकरिता अंबाडी फुलावर येताच कापावी. बोंडे पक्व होऊ दिल्यास वाख राठ होतो. मात्र बियाण्यासाठी काही झाडे राखून ठेवावीत. कापलेली झाडे दोन-तीन दिवस शेतातच पसरून ठेवावीत, म्हणजे पाने गळून पडतात. नंतर वीतभर जाडीच्या पेंढ्या बांधाव्यात. १०० किलो हिरव्या झाडांपासून सुमारे ५ किलो वाख मिळतो, असा अंदाज धरून किती झाडे हवीत ते ठरवावे.

भिजवण

सालीतील तंतू एका चिकट द्रव्याने काडीस जोडलेले असतात. पाण्यातील सूक्ष्म जंतू हे द्रव्य कुजवितात व तंतू सुटे होतात. बुंध्याची साल जाड असल्याने पेंढ्या प्रथम दोन-तीन दिवस बुंधे पाण्यात बुडतील अशा उभ्या कराव्यात. नंतर त्या आडव्या करून वर दगड ठेवावेत. चिखल वा माती टाकू नये; त्यायोगे वाख काळा पडतो.

आठव्या दिवसापासून रोज एक काडी काढून पाहावी. साल बोटांनी ओढताच काडीवरून सहज निसटली, म्हणजे भिजवण पुरी झाली. हवा उबदार असेल तर हे लवकर होते, थंडीत अधिक दिवस लागतात. पेंढ्या याहून अधिक काळ पाण्यात राहिल्यास जंतू तंतूसही खातात व वाख तुटका होतो.

येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. कुजणारी अंबाडी पाण्यातील प्राणवायू शोषून घेते. मासे मरतात व दुर्गंधी सुटते. म्हणून सुखना नदीत, गावतळ्यात वा पिण्याच्या विहिरीजवळ पेंढ्या कधीही टाकू नयेत. वस्तीपासून दूर खड्डा खणून त्यात प्लास्टिकचा कागद अंथरावा किंवा सिमेंटची टाकी वापरावी. उरलेले पाणी कंपोस्टच्या खड्ड्यात सोडावे. चार रुपयांच्या वाखासाठी गावाचे पाणी नासणे हा धंदा नव्हे.

सुटलेला वाख स्वच्छ पाण्यात धुऊन दोरीवर वाळवावा.

सूत व वेणी

वाळलेला वाख ताठ असतो. त्यावर थोडे तेल मिसळलेले पाणी शिंपडून तो एक रात्र झाकून ठेवावा व दुसऱ्या दिवशी रुंद दात्यांच्या फणीने विंचरावा. मग बारीक बट घेऊन मांडीवर तळव्याने एकाच दिशेस पीळ द्यावा. अशी दोन सुते जवळ धरून त्यांस उलट दिशेस पीळ द्यावा. दोन्ही पीळ एकमेकांस अडवून धरतात, म्हणून दोर उकलत नाही. दोरवळणीचे सारे मर्म एवढेच आहे.

नवशिक्याने प्रथम तीनपेडी वेणीचा पट्टा करावा. तो साधल्यावर शिंके व त्यानंतर गाठी मारून विणलेली पिशवी करावी. रंग हवा असल्यास तुरटीच्या पाण्यात भिजवलेले सूत डाळिंबाच्या सालींच्या काढ्यात उकळावे. पिवळा रंग येतो. त्याच काढ्यात गंजलेले लोखंड टाकल्यास करडा रंग मिळतो. तयार पिशवीत पाण्याची भरलेली बादली ठेवून ती रात्रभर टांगावी. सकाळी एकही गाठ सरकली नसेल तरच ती विक्रीस योग्य समजावी. ओल्या वाखास बुरशी लागते, हेही गिऱ्हाइकास सांगावे.

ग्रामकार्यकर्त्यांकरिता

१. दोर वळण्याचे कसब आपल्या गावांत मुख्यतः मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपले. बलुतेदारीत या श्रमाचे मोल धान्याच्या वाट्यावर ठरत असे व त्यास मान मिळत नसे. आता शिकावयाचे, तर गावातील जाणत्या वृद्ध कारागिरास गुरू म्हणून बोलवावे, सर्वांबरोबर बसवावे आणि दिवसाची मजुरी रोख द्यावी. हे हात थकण्यापूर्वीच विद्या पुढे गेली पाहिजे.

२. पहिल्या वर्षी एका बचत गटाने एकाच बांधाची अंबाडी घ्यावी. यंत्रासाठी कर्ज काढू नये.

३. हिशेब प्रथमपासून ठेवावा. समजा, एका पिशवीस ४ तास लागले आणि तासाची मजुरी ५० रुपये धरली, तर मजुरीच २०० रुपये होते. वाख व रंग निराळे. याहून कमी किमतीस विकणाऱ्या बाईने आपले श्रम फुकट दिले, असा त्याचा अर्थ होतो. साध्या दोराने नायलॉनशी किमतीत बरोबरी करू पाहू नये. शोभेच्या व टिकाऊ वस्तूंवर भर द्यावा.

अंबाडी आपल्या बांधावर आहे, शिकविणारे हात अजून गावात आहेत आणि गिऱ्हाईक वेशीशी आहे. या हंगामात प्रत्येक गटाने निदान एक वेणी वळून पाहावी.