दुसऱ्याच्या दोरावर परत येताना

मंडळी, १ जून ते ३१ जुलैची बंदी आता संपत आली. १ ऑगस्टला होड्या पुन्हा दर्यात उतरतील, आणि दरवर्षीप्रमाणे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दुसऱ्याच्या दोरावर परत येईल. जेटीवर बसलेले लोक हे लांबूनच ओळखतात. दोन होड्या एका रेषेत, पुढची धूर काढतेय, मागची गप्प. मग सुरू होते, "दाव्याक बांदून हाडला मरे!" मासळी किती मिळाली हे कुणी विचारत नाही, पेट्रोल भरले होते का हे मात्र सगळे विचारतात. त्यात आता मोबाईल आले. होडी धक्क्याला लागायच्या आधीच तिचा व्हिडिओ वाड्यावर फिरून आलेला असतो.

थट्टा जेटीवर चालायचीच. पण या थट्टेच्या धाकाने माणूस समुद्रात हात वर करायला उशीर करतो, म्हणून हा धडा लिहितोय. इंजिन बंद पडले आहे, बाजूने ओळखीची होडी जाते, तिथून हाक येते, "काय झाले रे?" आणि हा सांगतो, "काही नाही, जाळे आवरतोय." ती होडी निघून जाते. तासाभराने प्लग काढून, पुसून, परत लावून हात काळे झालेले असतात, वारा फिरलेला असतो आणि आजूबाजूला कुणीच नसते.

त्या एका तासात काय होते ते आकड्यांत बघा. एक नॉट म्हणजे तासाला १८५२ मीटर. होडी नुसत्या अर्ध्या नॉटने वाहत असली तरी तासाला सव्वानऊशे मीटर सरकते. किनाऱ्यापासून दोन किलोमीटरवर बंद पडलेली होडी सव्वादोन तासांत खडकाला भिडू शकते, आणि ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा नेमका तिकडेच ढकलतो. बेतूलच्या दक्षिणेला काब द रामच्या कड्याखाली किंवा आग्वादच्या खडकांजवळ वाहत जाणे म्हणजे काय, हे तिथे जाळे टाकणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. हिवाळ्यात उलटे. पहाटेचा मतलई जमिनीकडून सुटतो आणि होडी हळूहळू बाहेर जाते. खडकाची भीती नसते म्हणून माणूस निवांत राहतो, आणि फोनची रेंज कधी गेली ते कळत नाही.

म्हणून इंजिन बंद पडले की पहिला हात इंजिनाला नाही, नांगराला. पाणी नांगर लागण्याइतके असेल तर आधी तो टाका. दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट सोडावा लागतो, म्हणजे सहा वाव पाण्यात तीस ते बेचाळीस वाव. छोट्या होडीत एवढा दोर बहुतेक जण ठेवत नाहीत. पंधरा वाव दोर आणि हलका नांगर असला की तो तळावरून नुसता घसरत जातो. या वर्षी ही एकच खरेदी करणार असाल तर नांगराचा दोर घ्या, असे आम्ही म्हणू.

नांगर धरला की मग इंजिन. आणि इथे थोडे स्पष्ट बोलतो. ओढून आणलेल्या होड्यांपैकी कितीतरींचे इंजिन बिघडलेलेच नसते. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहून जातो. इंजिन दहा-पंधरा मिनिटे छान चालते, टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल ओढणे बंद होते आणि सगळे कार्बुरेटर खोलत बसतात. किल स्विचची लाल दोरी जाळ्यात अडकून क्लिप निघालेली असते, दोरी शंभर वेळा ओढली तरी इंजिन लागणार नाही. गिअर न्यूट्रलमध्ये नसतो. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब चपटा राहतो म्हणजे टाकीकडून तेल येत नाही, तो कडक होतच नाही म्हणजे कुठेतरी हवा शिरते आहे. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार थांबली असेल तर पाणी घेण्याच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसलेली असू शकते. ती काढा, इंजिन थंड होऊ द्या, धार परत आली नाही तर इंपेलर गेला आहे. तशा इंजिनाला "घरापर्यंत चल बाबा" करून चालवले तर संध्याकाळपर्यंत दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढलेला असतो.

पंख्यात दोर किंवा जाळे गेले तर आधी इंजिन बंद, क्लिप काढून खिशात, मग पंखा वर उचलून कोयत्याने कापा. क्लिप जागेवर ठेवून पंख्याला हात लावायचा नाही.

या महिन्यात एक कारण मुद्दाम लक्षात ठेवा. मे अखेरीला टाकीत राहिलेले पेट्रोल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पावसाचे दोन महिने अर्धी टाकी तशीच ठेवली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि तो तळाशी बसतो. नळी तर तळातूनच ओढते. म्हणजे पहिला घोट पाण्याचा. जुने पेट्रोल थोडे पारदर्शक बाटलीत काढा आणि काही तास न हलवता ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते इंजिनात घालू नका. ट्रॉलरवाल्यांची गोष्ट याच जातीची. दोन महिने उभ्या असलेल्या टाकीच्या तळाशी पाणी आणि चिकट गाळ जमतो, जेटीला काही जाणवत नाही, बाहेर लाटेत टाकी ढवळली की फिल्टर चोंदतो. तेव्हा टाकीचा तळ आत्ताच काढा आणि दोन फिल्टर जास्तीचे ठेवा. टाकी अगदी खालपर्यंत उतरवून चालवली तर लाटेत हवा ओढली जाते आणि डिझेल इंजिन हवा काढल्याशिवाय परत लागत नाही. ती कशी काढायची हे तांडेलाबरोबर निदान एका खलाशाला तरी यायला हवे.

हे सगळे बघायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. तेवढ्यात इंजिन लागले नाही तर मदत मागायची. मागताना "जरा ये रे इकडे" एवढे पुरत नाही. कुठे आहोत, जीपीएसचे आकडे, किती माणसे, काय बिघडले, नांगर धरला आहे की वाहतोय, हे सांगा. व्हीएचएफ असेल तर चॅनल १६. होडीत पाणी येत असेल, माणूस जखमी असेल किंवा खडक जवळ असेल तर ओळखीच्या होडीची वाट न बघता तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर लावा. फोन करून ठेवला आणि नंतर इंजिन लागले तर "लागले, निघालो" असे परत कळवायचे, एवढेच.

आता दोर. होडी ओढताना माणसे जखमी होतात ती बहुतेक घाईमुळे. जाड दोर फेकून पोचत नाही, बारीक दोरीला बोया बांधून ती फेका आणि तिच्या मागून जाड दोर ओढून घ्या. नायलॉनचा दोर ताणला जातो, त्यामुळे लाटेचा हिसका कमी बसतो, पण तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. तो पाण्यात बुडतोही, ढिला पडला की ओढणाऱ्याच्याच पंख्यात जातो, आणि मग दोन होड्या बंद. पीपीचा दोर तरंगतो, दिसतो, पण हिसका खात नाही. कुठलाही असो, ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभे राहायचे नाही.

दोर बांधायचा तो नाळेवरच्या मजबूत कडीला किंवा खांबाला. फायबर होडीला चार स्क्रूवर बसवलेला क्लीट असतो, तो होडी धक्क्याला बांधण्यापुरता. ओढताना तो उपटून येतो, आणि ते लोखंड कुठे जाईल सांगता येत नाही. ओढणाऱ्या होडीला आऊटबोर्ड असेल तर मागच्या दोन्ही कोपऱ्यांना दोर बांधून मध्ये इंग्रजी व्हीचा आकार करा आणि तिथून ओढा. एकाच कोपऱ्यातून ओढले तर ती होडी सरळ चालत नाही. दोराची लांबी अशी ठेवा की दोन्ही होड्या एकाच वेळी लाटेवर चढतील आणि एकाच वेळी उतरतील. एक चढताना दुसरी उतरत असेल तर हिसके बसतात. गाठ अशी हवी की ताण गेल्यावर सुटेल, आणि दोन्ही होड्यांत कोयता हाताशी हवा. मागची होडी एका बाजूला पळाली आणि दोर आडवा आला तर पुढची होडी उलटू शकते. तेव्हा ओरडत बसायला वेळ नसतो, दोर कापायचा.

मागच्या होडीतल्यांनीही कामाला लागायचे. इंजिन वर उचला, वजन मागे घ्या म्हणजे नाळ वर राहील आणि होडी डावी-उजवी पळणार नाही. सगळ्यांनी जॅकेट घाला. वेगाचे म्हणाल तर तो दुप्पट केला की दोरावरचा ताण जवळजवळ चौपट होतो. लाज लवकर संपावी म्हणून "जरा दामटव" म्हणणारे बरेच असतात. ओढणाऱ्याने ऐकू नये.

नदीच्या मुखाशी सगळ्यात जास्त धोका. बेतूलला साळ नदीच्या तोंडाशी किंवा शापोऱ्याच्या मुखाशी वाळूचा बांध आहे, तिथे ओहोटीचे पाणी बाहेर येते आणि समुद्राची लाट आत जाते, दोन्ही समोरासमोर उभे राहतात. चालत्या इंजिनानेही तिथे कसरत असते. होडी मागे बांधून ओहोटीत आत शिरू नका. बाहेर नांगर टाकून थांबा, भरतीला आत या. चार तास थांबावे लागले तर थांबा. आत नदीत शांत पाण्यात आलात की मागची होडी बाजूला घेऊन दोन-तीन ठिकाणी घट्ट बांधा, मध्ये टायर घाला आणि मग जेटीकडे वळा. लांब दोरावर आणलेल्या होडीला ब्रेक नसतो. पुढचा थांबतो, मागची येऊन आदळते, आणि जेटीवरच्यांना खरा व्हिडिओ तेव्हा मिळतो.

शेवटी हिशोब, कारण यावरून अबोला धरलेली घरे आहेत. माणसांचा जीव वाचवण्याचे पैसे दर्यात कुणी मागत नाही. होडी ओढायला लागलेले तेल मात्र परत करायचेच, आणि समोरच्याने आपले जाळे अर्धवट उचलून आपल्याला आणले असेल तर त्या दिवसाच्या मासळीचाही विचार करायचा. हे संध्याकाळपर्यंत मिटवा, त्याने मागायची वाट बघू नका. दोर त्याचा वापरला असेल तर गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण लांबी हाताखालून घालून तपासून द्या. कुठे घासला किंवा वितळला असेल तर नवा द्या. गाठ मारून जोडलेला दोर पुढच्या वेळी त्याच गाठीजवळ तुटतो, आणि तेव्हा त्याच्या मागे कुणाची होडी असेल कुणास ठाऊक.