कुंडीतला औदुंबर : सेवा कोणती, निगा कोणती?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तांना औदुंबराचे माहात्म्य मी काय सांगावे? श्रीगुरुचरित्राच्या १९ व्या अध्यायातली कथा आपण सर्वांनी वाचलेली आहे. हिरण्यकशिपूच्या पोटातल्या विषाने नृसिंहाच्या नखांची आग होऊ लागली, तेव्हा लक्ष्मीने औदुंबराची फळे आणली. त्यांत नखे रोवली आणि दाह शमला. पण हे झाड कुंडीत कसे सांभाळावे, हे मला एक रोप गमावल्यावर कळले.

चार वर्षांपूर्वी घाटंजीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर, कठड्याच्या भेगेत औदुंबराची दोन रोपे उगवली. पाखरांनी टाकलेले बी. गवंडी म्हणाला, "उपटून फेका, भिंत फोडंल." सौ. म्हणाली, "अहो, दत्ताचं झाड आहे, फेकता कसं?" गुडघ्यांमुळे तिचे देवळात जाणे बंद झाले होते. घरीच औदुंबर आला, याचा तिला फार आनंद. मी दोन्ही रोपे मुळांसकट काढून कुंड्यांत लावली.

एक कुंडी देवघरापाशी ठेवली. तिला रोज तांब्याभर पाणी, गुरुवारी दूध. दुसरी अंगणात पायरीपाशी. तिला आठवण झाली तर पाणी. दोन महिन्यांत देवघरातल्या रोपाची पाने पिवळी पडून गळू लागली. तहानले असेल म्हणून मी पाणी वाढवले. शेवटी उपटून पाहिले तर मुळे काळी पडून कुजली होती. पायरीवरचे मात्र टवटवीत! मनाला फार लागले. माझी सेवा माझ्या समाधानासाठी होती. झाडाला काय हवे ते मी पाहिलेच नव्हते.

तेव्हापासून जे शिकलो ते सांगतो.

पाणी : बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तरच भरपूर घालावे. तळाला भोक हवेच. ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. नवतपात रोज लागेल, पावसाळ्यात आठ-आठ दिवस लागणार नाही. दूध मुळाशी घालू नये. ते आंबते, मुंग्या येतात. नैवेद्य दाखवून घरात वाटावे.

माती : आपली काळी माती एकटी वापरू नये. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. माती, कुजलेले शेणखत आणि रेती सारख्या प्रमाणात घ्यावी.

ऊन : औदुंबराला मोकळे ऊन लागते, तो दिवाणखान्यात जगत नाही. घरातच हिरवेगार हवे असेल तर त्याच्याच कुळातले रबराचे झाड किंवा बारीक पानांचे फायकस आणावे. ती खिडकीच्या उजेडात राहतात. मात्र त्यांची जागा सारखी बदलू नये आणि कुलरचा वारा थेट लागू देऊ नये; फायकस तर लगेच पाने गाळते. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

चीक : फांदी छाटली की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये, हात धुवावेत. लहान मुले आणि मांजरे यांना पाने चघळू देऊ नयेत.

छाटणी : मृगाच्या सुमारास शेंडा छाटावा. दर दोन वर्षांनी थोडी मोठी कुंडी द्यावी.

एवढे केले तरी औदुंबर हा मोठा वृक्ष आहे, कुंडी हे त्याचे माहेर. आमच्या रोपाची मुळे आता भोकातून बाहेर आली आहेत. पुढच्या पावसाळ्यात भिंत, विहीर, नाली यांपासून दूर, मोकळ्या जागी ते लावायचे ठरवले आहे. सौ.चा जीव तुटतो. रोज सकाळी काठी टेकत ती त्या कुंडीला एक प्रदक्षिणा घालते. परवा मी विचारले, "मग राहू द्यायचं का इथंच?" थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "नको. लेकीला कुणी घरात ठेवतं का? जाऊ द्या तिच्या घरी. मी इथूनच हात जोडीन."

सेवा म्हणजे काय, हे मला चार वर्षांत कळले ते तिला एका क्षणात कळले.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥