तीनशे सात लागलं, आता खर्च किती?

धुऱ्यावरून भांडण होतं, काठ्या-कुऱ्हाडी निघतात, कोणाचं तरी डोकं फुटतं आणि इस्लापूर ठाण्यात गुन्हा दाखल होतो. फिर्यादीत घरातल्या पाच जणांची नावं येतात; जो त्या वेळी शेतातही नव्हता, त्याचंही. त्या रात्री घरात हिशोब सुरू होतो. बैलजोडीचे किती येतील, सोनं कुठं ठेवता येईल, ओळखीचं कोण आहे. हा लेख त्या रात्रीसाठी आहे. घाबरलेलं कुटुंब पहिल्या आठवड्यात जे पैसे देऊन बसतं, त्यातले बरेच कायद्यानं फुकट दिलेल्या गोष्टींवर जातात, आणि पुढं खरी गरज पडते तेव्हा हातात काही उरत नाही.

आधी कलम विचारा. लोक अजून जुन्या दंड संहितेतली तीनशे सात, तीनशे दोन हीच कलमं म्हणतात. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात खून म्हणजे कलम १०३, खुनाचा प्रयत्न १०९. हत्यारानं साधी दुखापत केली तर ११८(१), गंभीर दुखापत असेल तर ११८(२). हा फरक थेट पैशांचा आहे. ११८(१) ला कमाल शिक्षा तीन वर्षांची. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते, पोलीस आधी हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात. म्हणून ‘अटक टाळून देतो’ असं सांगत कोणी मध्यस्थ दारात आला, तर त्याला पैसे देण्याआधी एफआयआर वाचून घ्या. नाजूक प्रकरणं सोडली तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर फुकट दिसतो.

आता वकील. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ इस्लापूर भागातल्या प्रत्येक घरानं माहीत करून घ्यावं. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, अठराच्या आतलं मूल, दिव्यांग, आणि कोठडीत असलेला कोणताही माणूस, यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो; उत्पन्न कितीही असो. म्हणजे आंध, गोंड, कोलाम कुटुंबाला उत्पन्नाचा दाखला आणायचंच कारण नाही, जातीचा पुरावा पुरतो. तांड्यावरच्या बंजारा बांधवांचं गणित वेगळं. शेजारच्या तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत येतात, आपल्याकडं बंजारा विमुक्त जातीत. त्यामुळं कोठडीबाहेर असलेल्या बंजारा पुरुषाला वर्षाला तीन लाखांच्या आतल्या उत्पन्नाची अट लागते. पण तो अटकेत गेला की ती अटही गळते.

ही मदत मागायची किनवटच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडं, किंवा नांदेडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं. फोन १५१००, सगळ्या देशात एकच. आरोपींच्या बचावासाठी जिल्हा पातळीवर आता लोक अभिरक्षक कार्यालय ही व्यवस्था आहे. तिथले वकील पूर्णवेळ याच कामासाठी नेमलेले असतात, त्यांना खाजगी वकिली करता येत नाही. रिमांड, जामीन, सत्र खटला, अपील, सगळं त्यांच्या कामात येतं. टायपिंग, कागद, कोर्ट फी यांचेही पैसे द्यायचे नाहीत. कोणी मागितलेच तर प्राधिकरणाच्या सचिवांकडं लेखी तक्रार द्या. पहिल्या रिमांडला हजर केल्यावर वकील मिळण्याचा हक्क आरोपीला समजावून सांगणं हे दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये मुंबई हल्ल्याच्या खटल्यात बजावलं. त्या आरोपीला जो हक्क होता, तो तुमच्या भावाला आहेच.

‘फुकटचा वकील काय लढणार?’ असं पारावर हमखास ऐकू येतं. मला ते पटत नाही. वकील सरकारी असो की खाजगी, तो कागद वाचतो का, हे बघायचं. २००३ च्या नाशिक जिल्ह्यातल्या एका खून-बलात्कार प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा मजुरांना फाशीपर्यंत नेलं गेलं. प्रत्यक्षदर्शीनं पोलिसांच्या फोटोंतून भलत्याच चार जणांना ओळखलं होतं, ही गोष्ट मागं राहिली होती. त्या सहा मजुरांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. तुरुंगात सोळा वर्षं गेली होती. म्हणून मुलगा वयानं लहान असेल तर शाळेचा निर्गम उतारा पहिल्याच दिवशी वकिलाच्या हातात द्या. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते, ती घरी आणून शिकलेल्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या.

खाजगी वकील करायचाच असेल तर सरकारी दरपत्रक कुठंच नाही. फी वकिलाच्या अनुभवावर आणि कामावर ठरते. एकच मोठा आकडा ऐकून मान डोलावू नका. रिमांड किती, जामीन अर्ज किती, सत्र न्यायालयात साक्षीपुरावा आणि युक्तिवाद किती, जामीन नाकारला तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठातलं काम यात धरलंय की वेगळं, हे टप्प्याटप्प्यानं विचारा, कागदावर घ्या, पावती मागा. ‘सुटला तर इतके’ अशी निकालावर बांधलेली फी वकिलांच्या नियमात बसत नाही. वकील बदलताना फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच तसं सांगितलंय. आणि ग्राहक म्हणून एक कडू गोष्ट: मे २०२४ च्या निकालानुसार वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडं करावी लागते.

सर्वांत मोठा गैरसमज जामिनाच्या रकमेचा. आदेशात ‘पंचवीस हजारांच्या जातमुचलक्यावर व तितक्याच रकमेच्या जामीनदारावर’ असं लिहिलं की घरचे पंचवीस हजार जमवायला धावतात. ती रक्कम भरायची नसते. आरोपी तारखेला आला नाही तर इतके वसूल करा, अशी ती हमी असते. लागतो तो जामीनदार: सातबारा, आठ-अ, आधार, कधी तहसीलची सॉल्व्हन्सी. भाऊबंदातला किंवा सोयऱ्यातला माणूस आणा. पैसे घेऊन अनोळखी लोकांना जामीन राहणाऱ्यांकडं जाऊ नका, खोटे कागद निघाले तर जामीनच धोक्यात येतो. जामीनदार मिळायला वेळ लागणार असेल तर तात्पुरती रोख रक्कम भरायची परवानगी मागता येते. काहीच जमत नसेल तर अट शिथिल करायचा अर्ज करा. गरीब कैद्यांसाठी २०२३ ची केंद्राची योजनाही आहे. ती आली तेव्हा जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंतची तरतूद होती, आणि अर्जाची वाट विधी सेवा प्राधिकरणातूनच जाते.

जवळपास बिनखर्चाचा एक जामीन तर कॅलेंडरवर अवलंबून असतो. १०३, १०९ किंवा ११८(२) असेल तर नव्वद दिवसांत, ११८(१) असेल तर साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही, की जामीन हा हक्क होतो. दिवस पहिल्या रिमांडपासून मोजा. मात्र अर्ज करावा लागतो, आणि अर्जाआधी दोषारोपपत्र आलं तर हक्क गेला. अॅट्रॉसिटीचं कलम लागलं असेल तर अटकपूर्व जामिनाला कायद्याचीच आडकाठी आहे. तिथं कोणी खात्री देऊन पैसे मागत असेल तर उठून या.

आणि तारखा. त्यांचा हिशोब कोणी करत नाही. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. आरोपी आणि सोबतीला एक, दोघांची एका तारखेची बुडालेली मजुरी ६२४. तीस तारखा पडल्या तर १८,७२०, आणि बसभाडं, जेवण त्यावर. निघायच्या आदल्या रात्री ई-कोर्ट्सच्या मोफत अॅपवर केस क्रमांक टाकून तारीख बघा, वकिलाला फोन करा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत पडलेल्या तारखेला आरोपीच्या गैरहजेरीची माफी मागता येते, त्यासाठी अर्ज वेळेत गेला पाहिजे.

शिक्षा झाली तर निकालाची प्रत त्याच दिवशी विनामूल्य मागून घ्या. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात अपिलाला साठ दिवस असतात. फाशीच्या शिक्षेला तीसच. उच्च न्यायालयाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे आणि नंदीग्राम एक्सप्रेस किनवट-नांदेडहून थेट तिथं जाते, पण केवळ वकील शोधायला ते तिकीट काढायची गरज नाही. आतला माणूस तुरुंग अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो, आणि खंडपीठाच्या विधी सेवा उपसमितीकडून त्याला तिथंही वकील मिळतो.