घरगुती खुराड्यांसाठी जलरोधक लेपाची निवड

पावसाळा तोंडावर आला की बऱ्हाणपूर आणि त्यास लागून असलेल्या जळगाव व बुलढाणा जिल्ह्यांत कोंबड्यांची खुराडी व सशांचे लाकडी पिंजरे यांची डागडुजी सुरू होते. फळी भिजली की ती फुगते, सांधा उघडतो, अंथरलेला भुसा ओला राहतो. ओल्या भुशातून अमोनिया वायू सुटतो आणि पिलांमध्ये रक्ती हगवणीचा प्रादुर्भाव वाढतो. म्हणून जलरोधन आवश्यक आहे. परंतु लेपाची निवड चुकल्यास तोच लेप प्राण्यांना अपायकारक ठरतो.

पाण्याचा विचार कसा करावा, याचा धडा बऱ्हाणपुरातच आहे. मोगल काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी, तेथे बांधलेल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल भूमिगत मार्गाने केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले गेले. तेथे उताराने पाणी आणले. खुराड्यात उतारानेच ते बाहेर काढावयाचे असते. छप्पर भिंतींच्या पुढे काढावे, तळ जमिनीपासून उंच ठेवावा आणि त्यास एका बाजूस किंचित उतार द्यावा. साचलेल्या पाण्यावर कोणताही लेप हा कायमचा उपाय नव्हे.

लेप निवडताना प्राणी कोठे कुरतडतो वा चोच मारतो, हे प्रथम पाहावे. ससा लाकूड कुरतडतो. म्हणून कडांवर लेपाऐवजी पत्र्याची पट्टी ठोकावी. डांबर व क्रिओसोट आतील बाजूस कदापि लावू नयेत. त्यांतील फिनॉलवर्गीय द्रव्ये विषारी असतात. जुन्या डब्यातील रंगही टाळावा, कारण त्यात शिसे असू शकते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये.

फळीच्या पृष्ठभागास पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग किंवा पॉलियुरेथेन वार्निश लावावे. सतत ओल्या राहणाऱ्या तळास दोन घटकांचा इपॉक्सी लेप योग्य. मात्र घटकांचे प्रमाण डब्यावरील सूचनेप्रमाणेच घ्यावे. सांध्यांसाठी सिलिकॉन वापरावे. शिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन सिमेंट व जस्ती पत्रा यांस मानवत नाही; तेथे ‘न्यूट्रल’ प्रकार घ्यावा. बुरशीनाशक मिसळलेले सिलिकॉन माशांच्या टाकीत वापरू नये. सिलिकॉनवर रंग धरत नाही, म्हणून रंग आधी व सांधे नंतर, हा क्रम पाळावा.

शेवटची बाब संयमाची. लेप हातास कोरडा लागला म्हणजे तो आतून पक्का झाला, असे नव्हे. डब्यावर दिलेली पूर्ण मुदत जाऊ द्यावी आणि वास पूर्णपणे गेल्यावरच प्राणी आत सोडावेत. पक्ष्यांची फुप्फुसे वायूंच्या बाबतीत विशेष नाजूक असतात. यास्तव हे काम पहिल्या सरीनंतर नव्हे, तर उन्हाळ्यातच उरकावे.