अंगावरचें दूध व बाळंतिणीचा शिधा

दुष्काळांतील तान्ह्या मुलांसाठीं दुधाच्या भुकटीचे डबे पाठवूं काय, असें कित्येक दाते पुसतात. उत्तर स्तनाच्या रचनेंतच आहे. म्हणून आम्ही, धंदा वकिलीचा असूनही, वैद्यकाच्या प्रांतांत अंमळ शिरतों.

स्तनाचा आकार बव्हंशीं मेदाचा. दूध करण्याचें काम आंतील सुमारें १५ ते २० पिंडांचें. त्यांतील सूक्ष्म कोशिका रक्तांतून द्रव्यें घेऊन दूध बनवितात व तें नलिकांनीं स्तनाग्राकडे येतें. मूल चोखूं लागलें म्हणजे मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून प्रोलॅक्टिन व ऑक्सिटोसिन हे दोन रस रक्तांत सुटतात. पहिल्यानें दूध उत्पन्न होतें, दुसऱ्यानें पान्हा फुटतो. वासरूं ढुसण्या देतें तेव्हां गाय पान्हावते, हें जमीनदारांस आम्हीं काय सांगावें! डबा सुरू होऊन चोखणें उणावलें कीं अंगावरचें दूध आटूं लागतें. आणि भुकटी कालवावयास दुष्काळांत शुद्ध पाणी कोठलें?

अर्धपोटीं मातेसही बहुधा दूध येतें. पण तें तिच्या देहाची सांठवण झिजवून. उपासमार पराकोटीस गेली म्हणजे तेंही घटतें. केवळ पाजण्यापायीं तिला रोज सुमारें ५०० उष्मांक अधिक लागतात, म्हणजे अदमासें १५० ग्रॅम ज्वारी.

यास्तव व्यापारी मंडळींस विनंति कीं, डब्यांऐवजीं ज्वारी, डाळ, शेंगदाणे व गूळ द्यावा. समिति तो प्रत्येक अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस नेहमींच्या शिध्यावर जादा देईल. ज्यांच्या आया दगावल्या त्या मुलांस डबे लागतीलच. त्यांची मागणी आम्ही निराळी करूं.